देवा, कमी लागू दे

गोठ्याच्या काकूंनी जन्मात दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता. वीस वर्षं त्या संकलन केंद्रावर दूध घालत होत्या. तिथला दुधातली चरबी मोजणारा फॅटवाला त्यांचा नमुना यंत्रात घालण्याआधीच "चार" म्हणे, आणि चारच लागे.

आता लागोपाठ दुसऱ्यांदा दोन पॉइंट नऊ लागलं.

"काकू, पाणी नाही यात, डिग्री बरोबर आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला, पण रांगेला ऐकू गेलंच. "मग मलई जाते कुठे?"

"यांच्याच शेळीचं तर साडेचार लागलं," मागून पीठगिरणीवाला बोलला. "मलई काढताना शेळीला विसरल्या वाटतं!"

तिसऱ्यांदा कमी लागलं की दूध बंद, असा केंद्राचा नियम. ते एकवेळ निभावलं असतं. पण मलईचोर हे नाव कशानं धुऊन निघणार? काकू जपाला बसल्या, तर मण्यांऐवजी फॅटचे आकडेच मोजू लागल्या.

"चोरी केली नाहीस ना? मग कशाला जीव जाळतेस?" काका म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय बोलायला! रांगेत तुमचं नाव घेत नाहीत."

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. व्याल्यापासून गाय खंगली म्हणून काकूंनी मक्याचं पीठ वाढवलं होतं, वर रोज दोन वाट्या तेल. तेवढ्यानं पोट भरतंय म्हणून वाळका चारा निम्म्यावर आणला होता. शेळ्यांनाही त्यातलंच.

"रवंथ करते का नीट?"

काकूंनी गाईकडे पाहिलं. गाय हल्ली नुसतीच उभी असायची.

"लाडानं बिघडवलीत हो तिला," डॉक्टर हसले. "चारा कमी आणि तेल-पीठ जास्त झालं की गाईच्या पोटातला कारभार बदलतो आणि दुधातली चरबी उतरते. शेळीचं पोट निराळं. तेलानं तिची चरबी उलट वाढते. चारा पूर्ववत करा, तेल बंद. दोन-तीन आठवड्यांत येईल चारवर."

काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि चाऱ्याची पेंढी उचलताच पुन्हा टांगणीला लागला. चार लागल्यावर लोक काय म्हणतील? पकडल्या गेल्या, म्हणून मलई काढायच्या थांबल्या!

पेंढी त्यांनी खाली ठेवली. तशाच केंद्रावर गेल्या आणि फॅटवाल्याला सांगून आल्या, "डॉक्टर म्हणतात, खाण्यामुळे फॅट उतरलंय. उद्या सकाळी गोठ्यात ये, तुझ्यादेखत धार काढते. येताना त्या गिरणीवाल्यालाही आण." परतल्यावर गाईच्या डोळ्याला डोळा देववेना. "एवढी एक रात्र सोस गं बाई."

सकाळी दोघांसमोर त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली. फॅटवाल्यानं स्वतः दूध ढवळलं, बाटली भरली आणि खिशात घातली. केंद्रापर्यंत काकू त्या खिशावरची नजर न काढता चालल्या. जन्मभर ज्यानं दूध दाट ठेवलं त्याच्याकडे आज त्या भलतंच मागत होत्या: देवा, कमी लागू दे.

आकडा उमटला. दोन पॉइंट आठ.

गिरणीवाल्यानं मान खाजवली. "म्हणजे मलई गाईनंच खाल्ली की हो!"

रांग हसली. फॅटवाला मात्र उठून उभा राहिला. "चुकलं काकू माझं. दूध बंद नाही. चारा बदला, महिनाभर बघू."

काकूंना उत्तर द्यायला सवड कुठली! त्या जवळजवळ पळतच घरी आल्या, पेंढी सोडून गाईपुढे टाकली आणि तिचा जबडा संथ हलू लागेपर्यंत दावणीशी उभ्या राहिल्या.