फ्रीझरमधली मेथी

तुम्हाला म्हणून सांगतो — हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि शुभदापासून काही लपवायचं म्हणजे काय, ते तिला ओळखणारेच जाणोत! तरी इतकी वर्षं मी हे पोटात ठेवलं.

तेव्हा आम्ही दुबईत, अल मनखूलला राहायचो. मी एसीच्या कंपनीत इंजिनिअर, आमची मुक्ता सातवीत. बाहेर अंगाची लाही लाही होतेय, आणि या पोरीने विज्ञान प्रदर्शनाला विषय काय घ्यावा? ध्रुवाकडची जमीन! तिथे भुसभुशीत बर्फ पांघरुणासारखा पडून असतो, त्याखाली झुडपं तग धरतात. पण भर हिवाळ्यात अचानक उबारा येऊन पाऊस पडला, की त्या बर्फाचं टणक कवच होतं. झुडपं मरतात, हरणांना चारा उकरता येत नाही. हे ती मेथीच्या दोन ट्रेंवर दाखवणार होती — एकावर भुसभुशीत बर्फ, दुसऱ्यावर पाणी ओतून गोठवलेलं कवच — आमच्या फ्रीझरमध्ये.

आता दुबईत भुसभुशीत बर्फ आणायचा कुठून? फ्रीझरच्या भिंतींवर साचतो तो खरवडून! आमचा पुरेना, म्हणून अख्खी बिल्डिंग कामाला लागली. लोक स्टीलच्या डब्यांतून बर्फ घेऊन यायचे. समोरच्या केरळी आंटींच्या बर्फाला सुरमईचा वास होता; तोही घेतला. जागा करायला पुण्याहून आणलेल्या पुरणपोळ्या बाहेर काढल्या आणि आम्ही त्या दोन्ही वेळा जेवलो. काय मजा होती हो!

विषय टाळतोय ना मी? कळतंय मला.

शुक्रवारी सकाळी मुक्ता आंघोळीला गेली, तेव्हा मी हळूच डोकावलो. कवचाखालची मेथी मेली होती, ते ठीक. पण भुसभुशीत बर्फाखालचीही मेली होती — पान बोटांत येताच लिबलिबीत. मला आधीच कळायला नको होतं? फ्रीझर चारी बाजूंनी गारठवतो. जमिनीची ऊब तिथे कुठून येणार? एसीवाल्याने एवढं तरी सांगायचं! पण शेजारीपाजारी बघायला येणार होते, आणि पोरगी बाथरूममध्ये गात होती.

मी बाल्कनीतला तिसरा ट्रे उचलला — शुभदाने पराठ्यांसाठी वाढवलेला. त्यावर बर्फ पसरला आणि मेलेल्या मेथीच्या जागी ठेवून दिला. मेलेली कचऱ्यात.

मुक्ताने सगळ्यांदेखत चमच्याने बर्फ बाजूला केला. हिरवीगार! “बाबा, इट्स अलाइव्ह!” ती नाचली, आंटी नाचल्या, मीही नाचलो — अगदी मनापासून. प्रदर्शनात बक्षीस मिळालं. बाल्कनीतली मेथी कुठे गेली असं शुभदाने विचारलं, तेव्हा मी कबुतरांवर ढकललं.

इथवर तुम्ही हसत असाल. मीही हसायचो.

पुढे मुक्ता तेच शिकायला नॉर्वेला गेली. परवा सुट्टीत घरी आली होती. जेवायला श्रीखंड-पुरी, आणि तिच्या गप्पांना ऊत. तिकडे एका हिवाळ्यात ऊब येऊन पाऊस पडला, पुन्हा गारठलं, वर नवा बर्फ साचला. हिने उकरून पाहिलं, तर भुसभुशीत बर्फाखालचीही झुडपं मेलेली. ऊब आली तेव्हा आधीचा बर्फ वितळून ती उघडी पडली होती, मग गारठ्याने मेली, म्हणे. पण हिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दिवसभर पुन्हा पुन्हा उकरत राहिली, बोटं बधिर होईपर्यंत.

“बिकॉज माय मेथी वॉज अलाइव्ह, बाबा!” असं म्हणून ती खळखळून हसली.

तिला शंका आली ती स्वतःच्या डोळ्यांची. बापाची नाही आली.

शेवटी जे दिसलं तेच लिहिलं, म्हणाली. टेबलावर आम्ही तिघंच होतो. सांगायला तोंड उघडलंही होतं — ते मी “शाब्बास!” म्हणायला वापरलं, आणि आणखी एक पुरी वाढून घेतली.