भावाच्या खिशातला आरसा आणि मालकांचं जुनं जेट

मंगळवेढा ते सोलापूर हा काही कुणी लिहून ठेवावा असा प्रवास नाही. पण खासगी छोटं विमान जवळून कसं दिसतं, असं ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ सुरेश सोलापूरच्या विमानतळावर एका कारखानदाराच्या जुन्या जेटची देखभाल करायचा. बावीस वर्षं एसटीनं ये-जा केली. विमान परतलं की त्याचा मेसेज यायचा, 'मालक पोचले. आता मी निघतो.' मग मी कुकरची तयारी करायचे. घरी आम्ही दोघंच. गेल्या महिन्यात कामावर असतानाच त्याच्या छातीत दुखू लागलं. तो तसाच रिक्षानं दवाखान्यात गेला आणि त्याच संध्याकाळी वारला.

तेरावा झाल्यावर त्याचे सहकारी रफिकभाई यांचा फोन आला. "ताई, विचारू नये, पण एक टूल मिळंना. दांडी लांब होणारा बारका आरसा, आतली आडबाजू बघायचा, सुरेशभाऊच्या पेटीतला."

कामानंतर टूल मोजायची आणि एक जरी कमी भरलं तरी विमान उडवायचं नाही, हा तिथला नियम. टूल आत कुठं राहिलं असेल तर धोका. आरसा न मिळाल्यानं विमान इतके दिवस जागेवर उभं होतं. रफिकभाई अडखळत म्हणाले, "झाकणं उघडून पाहिली सगळी. बाहेरून येणारा पायलट म्हणतोय, मिस्त्री आतच इसरला. मला न्हाय पटत."

मलाही पटेना. दवाखान्यानं दिलेली कपड्यांची पिशवी मी उघडलीच नव्हती. ती उघडली. आरसा दांडी मिटवलेला, शर्टाच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. सोलापूरला पोचायला दीड तास लागला. स्टँडवरून होटगी रोडला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्यावं. विमानतळावर नुसतं जाऊन आत सोडत नाहीत. पास आधी काढून ठेवावा लागतो, आधार कार्ड लागतं. मी आरसा मिळाल्याचा फोन केल्यावर रफिकभाईंनी माझा पास काढून ठेवला होता.

गेटवरच्या हवालदारानं आरसा उलटसुलट करून पाहिला. "इमानाला बी तोंड बघायला लागतं व्हय?" मग पासवरचं नाव वाचून तो उठून उभा राहिला. "सुरेश मिस्त्रींच्या ताई का तुमी? जावा."

शेडमध्ये रफिकभाईंनी पेटी उघडली. आत फोममध्ये प्रत्येक टूलच्या आकाराचा खळगा होता. एकच रिकामा होता. त्यांनी आरसा मला ठेवायला सांगितला. मग पहिल्यापासून सगळी टूल मोठ्यानं मोजली आणि वहीत लिहिलं, 'आरसा मिळाला. सुरेशच्या खिशात होता. विमानात नव्हता.' ते शेवटचं वाक्य त्यांनी पायलटला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चुकलं माझं, ताई." मी बरं म्हटलं.

मालकही आले होते, त्यांनी मला विमानात बसवलं. वाकून आत जावं लागतं. सहा खुर्च्या, पुढं चालवणाऱ्यांच्या दोन. चामडं जुनं, पण कुठं उसवलेलं नाही. मी विचारलं, "नवीन का घेत नाही?"

"सगळे हेच म्हणतात की," ते हसले. "अहो, हे लहान धावपट्टीवर उतरतं, चालवायला एकच पायलट पुरतो. आत सगळं साधं, मिस्त्रीच्या हाताला कळणारं. कोल्हापूरला गाडीनं गेलो तर सगळा दिवस मोडतो. ह्यानं गेलो तर काम उरकून रात्री जेवायला घरी. सुरेशनं बावीस वर्षं मला जेवायला घरी आणलं, ताई."

"मग तेराव्याआधीच का नाही विचारलंत?"

"दुखवट्याच्या घरात टूल मागायचं? गाडीनं फिरलो मी."

मी हात जोडले.

रफिकभाईंबरोबर भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. उघडलेली झाकणं बसवून, तपासून, दुपारी विमान कोल्हापूरकडं निघालं. कान झाकून घ्यावेत, आवाज फार होतो. मी दोन्ही हातांनी पिशवी धरली होती, राहून गेलं. ते वर गेलं तेव्हा रफिकभाई हळूच म्हणाले, "गेलं बगा."

परतीच्या एसटीला खिडकी मिळाली. घरी आल्यावर सुरेशचा शर्ट धुवून वाळत घातला. खिशावरचा तेलाचा डाग निघाला नाही. राहू दिला.

दिवेलागणीला फोन वाजला. रफिकभाईंचा मेसेज होता. 'मालक पोचले. आता आमी निघतो.'

मी उठून कुकर लावला.