वाघजाईचा अडलेला कौल

कापडे गावाच्या वर, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. तिथली तुळजाबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण तिचं नाव काढलं की म्हातारे अजून आधी मागं वळून बघतात, ती ऐकत तर नाही ना! बाई उंचीला कमी होती, ती कसर तिनं जिभेनं भरून काढलेली. नवरा लवकर गेला. त्याच्यामागं तिनं उतारावरचा नाचणीचा माळ एकटीनं राखला, मुलगा महिपत वाढवला आणि भावकीतल्या एकाही पुरुषाला फुकटचा सल्ला देऊ दिला नाही. नाचणीचं बी तिनं माहेराहून, शिवथरहून आणलेलं. लग्नात अंगावर घातलेले दागिने चांदीचे की कथलाचे यावर दोन्ही घरांत वाद होता, बियाबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराला वाडीला भाताचं वेड लागलं. शेतकीचे साहेब येऊन दोरी धरून ओळीत लावणी करायला शिकवून गेले, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मुंबईला गेलेली पोरं सुट्टीवर येत आणि नाचणीच्या भाकरीकडे बघून नाकं मुरडत. ज्याच्या घरी दोन्ही वेळा भात शिजतो तो मोठा माणूस, असं ठरून गेलं. मग काय, उतारावरचे माळ फोडून, दगडी बांध घालून जो तो भाताची खाचरं पाडू लागला. पाणी ठरो न ठरो, खाचर पाहिजे! जिथं तेही जमेना तो माळ पडीक टाकला. दोन-तीन पावसाळ्यांत डोंगर ओळखू येईना. एकीकडे बांधच बांध, दुसरीकडे माणूसभर गवत, आणि मधे तुळजाबाईचा नाचणीचा माळ तेवढा हट्टानं बसलेला.

शिमग्याला महिपत आला. गिरणीत कामाला होता, डोक्याला वासाचं तेल आणि तोंडात चार इंग्रजी शब्द.

"आये, हे आता बंद कर," तो म्हणाला. "रूमवर भाकरीचं फडकं सोडलं की पोरं हसतात. मला नावानं कोण हाक मारीत नाय, काळी भाकरी बोलतात. आपल्या माळाची खाचरं करायची. टोटल भात!"

पोराला हसतात हे तुळजाबाईला सोसलं नाही, आणि सोसलं नाही म्हणूनच तिचा आवाज चढला.

"माळ फोडलास तर नाचणी काय तुझ्या डोक्यावर पेरू? एक साल पेरलं नाय की बी उंदरांच्या पोटात. मग कुठनं आणशील? शिवथरलाबी आता भातच हाय!"

आठवडाभर मायलेकरांची अशी जुंपली की शेजाऱ्यांनी आपली भांडणं पुढं ढकलली. माळ कागदोपत्री भावकीचा, तेव्हा निवाडा करायचा तो येसाजी या वडीलधाऱ्यानं. येसाजीला पोराची भीड होती आणि आईची भीती. त्यानं शहाण्यासारखं सगळं वाघजाईवर ढकललं. "देवीला कौल लावा. ती सांगेल तसं."

वाडीची कौलाची रीत जुनी होती. शेंदूर फासलेल्या शिळेच्या उजव्या नि डाव्या अंगाला गुरवानं चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. पाणी सुकलं की पाकळी गळते. उजवी आधी गळली तर होकार, म्हणजे माळ फोडायचा. डावी गळली तर नकार.

तुळजाबाईची वाघजाईवर श्रद्धा होती. पण देवीलाही कधी कधी आठवण करून द्यावी लागते, असं तिचं मत होतं. आदल्या संध्याकाळी देवीपुढचं अंगण सारवायला म्हणून ती गेली, ती शेणाच्या पाटीत नाचणीच्या आंबिलीची वाटी लपवून. उजव्या अंगाला, पाकळी लावतात त्या जागी, तिनं दाट आंबील बोटानं फासली. "आये, तुलाबी नाचणीच आवडते ना?" असं देवीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घरी आली.

सकाळी वाडी जमली. चांगू गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आता डावी गळणार म्हणून तुळजाबाई पदर सावरून बसली. डावी गळेना. ऊन चढलं, पोरं रडू लागली, येसाजीला डुलकी लागली, तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथं. तुळजाबाईला दरदरून घाम फुटला. उजवीचं एक समजण्यासारखं होतं, पण डावीला काय झालं? देवी रागावली की काय? तिनं चोरून महिपतकडे पाहिलं. तो उजव्या पाकळीकडे डोळे फाडून बघत होता आणि त्यालाही तसाच घाम फुटला होता.

मग तिला आठवलं. पहाटे देवीपुढं दिवा लावायला म्हणून पोरगा बाहेर पडला होता, आणि चुलीजवळच्या मडक्यातला रात्रीचा भात चिवडलेला होता.

एवढ्यात चांगू निरखून बघायला पुढं वाकला. शिळेच्या दोन्ही अंगांवर मुंग्यांची रांग लागलेली. चांगूनं आधी आईकडे पाहिलं, मग लेकाकडे. चिडावं की हसावं त्याला कळेना. पण देवीची अब्रू राखणं हे त्याचं कामच होतं. त्यानं घसा खाकरून जाहीर केलं, "देवी मौनात हाय! ती बोलेपर्यंत हाय तसं चालू द्या."

लोक एवढे भुकेले होते की कुणी हूं की चूं केलं नाही. तुळजाबाईनं त्या पावसाळ्यात नाचणी लावली.

दसऱ्याला महिपत रजा काढून आला. त्या सुमाराला वाडीत दाराला नवं बांधतात, म्हणजे नव्या पिकाची कणसं. भाताच्या लोंब्या घरोघर होत्या, पण नवं बांधायचं तर नाचणीचं कणीस पाहिजेच, आणि ते मिळायचं एकच ठिकाण. सकाळपासून तुळजाबाईच्या पडवीला रांग लागली. पहिला येसाजी. बाईनं प्रत्येकाला कणीस दिलं आणि कणसागणिक चार शब्द सुनावले, ते लोकांनी मान खाली घालून घेतले.

रांग संपली तेव्हा महिपत जवळ येऊन बसला.

"आये, त्या कौलाला डावीकडे मी भात लावला व्हता."

"ठाव हाय. मडकं उघडं टाकून गेलास ते!"

"आन् मागनं पाया पडलो तवा देवीच्या उजव्या अंगाला आंबिलीचा वास येत व्हता."

दोघं एवढी हसली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. हसणं ओसरल्यावर महिपत खाली बघत म्हणाला, "जाताना चार भाकऱ्या बांध गो. मुंबईचा भात खातो, पण पोट भरत नाय. रूमवर कोण नसताना खाईन."

तुळजाबाईचं हसू मावळलं. ती उठली, परातीत पीठ घेतलं आणि रूमवरच्या सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या भाकऱ्या थापायला बसली.

"लपवून खायाची असल तर एकबी देनार नाय," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मधी बसून खा. हसले तर त्यांनाबी वाढ."