अनसूयाबाईंचा ओटा

तुळजापुरात बांगड्यांची दुकानं काय कमी आहेत? देवीच्या वाटेवर पावलागणिक एक. तरी पुजाऱ्यांच्या आळीतल्या बायका मनगटं पुढं करायच्या त्या अजीजाबी मणेरणीपुढं, आणि तेही अनसूयाबाईंच्या ओट्यावर बसून. तिच्या बांगड्या जगावेगळ्या होत्या म्हणून नव्हे. अनसूयाबाईंनी भरल्या म्हणून शेजारणीनं भरल्या, शेजारणीनं भरल्या म्हणून तिच्या जावेनं. कुणाचं लग्न ठरलं की अजीजाबीला पहिला फोन अनसूयाबाईंचाच. अजीजाबीच्या स्वतःच्या दोन मुलींची लग्नं त्या ओट्यावरच्या कमाईनंच पार पाडली म्हणा ना. हात दाबून मऊ करता करता अजीजाबीनं आणि अनसूयाबाईंनी एकमेकींची सगळी दुखणी ऐकली होती.

मागच्या पौषात अनसूयाबाईंचे यजमान, विष्णुपंत, गेले. अजीजाबी ऐकून रडली, पायांत चपला सरकवल्या आणि स्वतःच्याच दारात थबकली. नवरा गेलेल्या बाईच्या उंबऱ्यात बांगडीवालीनं पाऊल टाकायचं नाही, ही सासूची शिकवण. त्यातून त्या हातांतल्या हिरव्या बांगड्या तिनंच भरलेल्या. जखमेवर मीठ कशाला, म्हणून ती गेली नाही. दिवस लोटले तसं जाणं आणखीच अवघड होत गेलं.

आळीनं तिला नको असं कधी म्हटलं नाही. फक्त बोलावलं नाही. एकीची सून दुकानात गेली, तिच्यामागं बाकीच्या. अजीजाबीनं भाव उतरवला, दारोदार फिरली. बायका गोड हसायच्या, ‘नंतर बघू’ म्हणायच्या. ओटाच सुटला, तिथं भावाला कोण विचारतंय!

मग कळलं, अनसूयाबाईंचा मुलगा शंतनू आईला कायमचं पुण्याला नेतोय. तेव्हा मात्र ती धावत सुटली. गाडीत सामान चढलं होतं. अनसूयाबाई ओट्यावर बसल्या होत्या, मोकळ्या मनगटांनी.

“वैनी, म्या पडले बांगडीवाली... काय तोंड घिऊन येणार हुते?”

“बांगड्या घरी ठेवून यायचं होतंस गं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “सगळी आळी येऊन गेली. मी दाराकडं बघायची ती तुझ्यासाठी.”

गेलेल्या धंद्याची अजीजाबीला आठवणही राहिली नाही. तिनं अनसूयाबाईंचा हात हातात घेतला आणि सवयीनं दाबू लागली, बांगडी भरायच्या आधी दाबतात तसा. शंतनूनं आईला हाक मारली तेव्हा हात अगदी मऊ झाला होता.