दार

बहारीनमध्ये, मनामाच्या आमच्या हॉटेलात मी अकाउंट्सला आहे. रिसेप्शनवर एक किर्गिझ बाई आहे. पाहुण्याकडे पाहून ती छान हसते आणि तो वळला की हसू लगेच पुसून टाकते.

तिच्या देशात लोक पुन्हा सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा ती काउंटरमागे फोनवर आईला ओरडत होती. मागच्या उठावात तिचा भाऊ चौकात गोळी लागून गेला होता. म्हणून धाकट्या बहिणीला खोलीत कोंडायला आईला सांगितलं, असं ती मला नंतर म्हणाली.

दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्षानं राजीनामा दिला. मी तिचं अभिनंदन केलं, बहिणीची चौकशी केली.

"सुखरूप आहे," ती म्हणाली. "पण माझ्याशी बोलत नाही. म्हणते, भाऊ असता तर त्यानं दार उघडलं असतं."