शिळं पाणी

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. मी लहान होते तेव्हा नांदेडचा तोरा होता. गिरणी चालू होती, वडील तिथंच कामाला होते. लातूरचे पाहुणे आले की आमच्या बाजारातून हिंडून यायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "लातूरला देऊन राहिले व्हय तुला?"

पुढं गिरणी बंद पडली, गल्लीतली पोरं पुण्याला गेली. लातुरात मात्र क्लास निघाले. आमच्या नांदेडकडचेच, बिलोली-हिमायतनगरचे आईबाप लेकरं घेऊन आमच्या दारात खोली आहे का विचारू लागले. लातूर वर आलं, फक्त पाणी नव्हतं. एका उन्हाळ्यात तर ते रेल्वेनं आणावं लागलं.

वडील गेल्यावर मी आईला लातूरला आणलं. सत्तरीतल्या बाईनं तिकडं एकटं राहू नये, एवढंच मला हवं होतं. मागची खोली तिला दिली. ती रमेल असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर दोन्ही पिंपं घासून उन्हात पालथी घातलेली. अंगण ओलं.

"माय, पाणी कुठं हाय?"

"सांडलं. दोन दिसाचं शिळं होतं. कोणी आलं-गेलं तर तेच देतीस का? भर आता ताजं."

नांदेडला तिनं जन्मभर हेच केलं होतं. सकाळी रात्रीचं पाणी ओतायचं, भांडी घासायची, नव्यानं भरायचं. तिकडं घराघरात तसंच चालायचं. आमच्याकडं नळाला पाणी यायला अजून आठ दिवस होते.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

शेजारणीनं दोन हंडे दिले आणि देता देता म्हणाली, "तुमच्या मायला म्हणावं, येताना पदरात नांदेडची गोदावरी आणायची न्हाई का!" मी हसले. आई दारातच उभी होती.

त्यानंतर ती विचारून पाणी प्यायला लागली.

"घेऊ का गं, अर्धा तांब्या?"

"घे की. विचारायचं काय त्यात?"

तरी विचारायची. अंघोळ एक दिवसाआड करू लागली. धुणं आपल्याच खोलीत साठवून ठेवायची. मला ते दिसत होतं. सवय लागेल म्हणून मी बोलले नाही. खरं तर माझी सोयच होत होती.

महिन्याभरानं म्हणाली, "घर बंद राहिलं की वाळवी लागती. जाऊन येते." पिशवी आधीच भरलेली होती.

मी तिला स्टँडवर सोडलं. अहमदपूरवरून जाणारी गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली, म्हणून ती खूश दिसली. "ये लवकर," मी म्हणाले. "थांब" म्हणाले नाही. ते म्हटलं असतं तर ती उतरली असती, हे मला ठाऊक होतं. पण घरात एक माणूस कमी, म्हणजे नळ येईस्तोवर पाणी पुरतंय, हे तिथंच माझ्या मनात येऊन गेलं होतं.

ती परत आली नाही. दीड वर्षानं नांदेडच्या घरातच वारली, एकटीच. शेजाऱ्यांना दुपारी कळलं. मी पोचेपर्यंत तिला अंघोळ घालून झाली होती.