वळिखलंसा न्हवं?

भागूअक्का उवा काढायला यायची तीसुद्धा लग्नाला निघाल्यासारखी नटून. जांभळं इरकली लुगडं, रुपयाएवढं कुंकू, अबोलीचा गजरा आणि करकर वाजणारं पायताण. कोल्हापुरातल्या आमच्या निराधार आश्रमात ती सेविका होती, मी कारकून. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि फाटकाशी रोज कुणीतरी बेघर बाई येऊन बसायची. भागूअक्का तिला न्हाऊ घालायची, जटा सोडवायची आणि आपल्या गजऱ्याचा तुकडा तोडून तिच्या केसांत खोवायची.

"अक्का, या कामाला एवढा थाट?" मी एकदा विचारलं.

"घरला पावणं आलं की तुमी फाटकं नेसतासा व्हय?" तिनं मलाच झापलं.

आश्रमाच्या चिटणिसांच्या डोळ्यांत हा थाट खुपायचा. देणगीदारांना इथं दुःख दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वार्षिक समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांसमोर तिला गजरा काढायला लावला आणि स्वतःच्या हातानं केरात टाकला. "उद्या या बायकांसारखं पांढरं नेसून या, नाहीतर कामावर येऊच नका!" अक्काचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या नोकरीवर चाललेलं. तिनं मान हलवली. मी तिथंच असून गप्प राहिलो, त्याची चीड मला अजून येते.

दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून, पदर कपाळाखाली ओढून अक्का बायकांच्या रांगेत जाऊन बसली. पाहुण्यांना घेऊन चिटणीस घोंगडी वाटत आले आणि नेमके तिच्यापुढं थांबले.

"ही बघा बिचारी. हिला जगात कुणी नाही."

अक्का उठली. पदर मागं सारला.

"हाय की! नवरा हाय, दोन पोरी हायत्या, आन चार वर्सं तुमच्याच हाताखाली नोकरी हाय. सायेब, माजं लुगडं तेवढं वळखत हुतासा. तोंड कवा बघितलंच न्हाईसा!"

आधी रांगेतल्या बायका हसल्या, मग पाहुणेही. त्यानंतर तिला काढायची कुणाची छाती झाली नाही.

जांभळं लुगडं परत आलं, पण अक्कानं माफी दिली नाही. रोज सकाळी ती चिटणिसांच्या टेबलापुढं उभी राहायची. "वळिखलंसा न्हवं?" त्यांनी मान वर करून, तिच्या तोंडाकडं बघून "ओळखलं" म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. पुरे आता, असं मी म्हटलं तर उसळली, "गजरा केरात टाकलाय माजा! फुकट सोडू व्हय?"

पुढं तापाचं निमित्त होऊन ती अचानक गेली. आश्रमातल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, जांभळं लुगडं नेसवलं. प्रत्येकीनं केसांत एकेक अबोली खोवली. चिटणीस आले ते फाटकाशीच उभे राहिले. मी त्यांना दंडाला धरून तिच्यापाशी नेलं.

"ओळखलंत ना?" मी विचारलं. दुष्टपणाच तो, पण मी मनापासून केला.

त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग पुटपुटले, "ओळखलं."

"मोठ्यानं," मी म्हटलं.